काळोखेंची आई

शलाकाच्या आईने सकाळी चहा घेतला, कपबशी विसळून पालथी घातली आणि सांगितलं, की आजपासून आपण विश्वासराव काळोखे यांच्या आई आहोत.

"त्यांची गाडी येईल आता," ती म्हणाली. "माझी निळी पिशवी कुठं ठेवलीस गं?"

शलाकाला वाटलं, आईला रात्री झोप लागली नसेल. अनुसूयाबाई गुरव सत्तरी ओलांडलेल्या, पण डोक्याने एकदम ठणठणीत होत्या. बोरथळ गावात त्यांनी उभी हयात अंगणवाडी चालवली होती आणि नवरा गेल्यापासून त्या सांगलीला लेकीकडे राहत होत्या. त्यांनी पिशवी शोधली, दोन नऊवारी, गुडघ्याचं तेल आणि चष्म्याचं घर तिच्यात भरलं. पहिली साडी घडी करेपर्यंत त्या शलाकाला 'अगं' म्हणत होत्या. दुसरीची घडी होईस्तोवर त्या 'अहो' म्हणू लागल्या.

"येते हं मी, बाई," दारात चपला घालताना त्या म्हणाल्या. "बरेच दिवस राहिले तुमच्याकडे. तुमची अडचण झाली असेल."

खाली पांढरी गाडी उभी होती. ड्रायव्हरने दार उघडलं, अनुसूयाबाई आत बसल्या आणि गाडी मिरज रस्त्याला लागली. शलाका गॅलरीत उभी होती. आईने वर पाहिलं नाही.

शलाका मुक्त लेखिका होती, म्हणजे ती दुसऱ्यांच्या नावाने लिहायची. आधी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत होती. पुरवणी बंद पडली, तेव्हा तिने घरूनच कामं घ्यायला सुरुवात केली. लग्नपत्रिकांचा मजकूर, शाळांच्या स्मरणिका, हॉटेलच्या जाहिराती, पुढाऱ्यांची भाषणं, मेलेल्या माणसांवरचे लेख, जिवंत माणसांचे गौरवग्रंथ. ठरल्या तारखेच्या आधी मजकूर द्यायचा, ग्राहकाशी वाद घालायचा नाही आणि आपलं नाव छापा असं कधी म्हणायचं नाही, एवढं पथ्य तिने पाळलं आणि तिचा जम बसला. मग पुण्याचे मुकुंद बेहेरे तिला मोठी कामं आणून देऊ लागले. मोठ्या लोकांना आत्मचरित्रं हवी असत, बेहेरे ती लिहून घेत. "मॅडम, तुमच्यासारखं कुणी लिहीत नाही," ते म्हणायचे, "म्हणून तर तुमचं नाव कुठं येत नाही."

लिहून दिलेल्या काही गोष्टी आपल्याकडून जातात, हे तिच्या लक्षात आलं होतं. एका खाणावळवाल्याच्या सदरात तिने मावशीच्या हातच्या हुलग्याच्या माडग्याची चव घातली. त्यानंतर तिला माडगं नुसतं गरम पाण्यासारखं लागायचं. एका हेडमास्तरांच्या पुस्तकात तिने आपल्या शाळेच्या अंगणातली सावलीची चिंच दिली, तर तिच्या वर्गाच्या जुन्या फोटोतली मुलं भर उन्हात डोळे बारीक करून उभी असलेली दिसू लागली. तिने मनाला लावून घेतलं नाही. धंद्यात थोडी झीज व्हायचीच, असं तिला वाटायचं.

विश्वासराव काळोखे हे बेदाण्याचे मोठे व्यापारी, पुढे दोन कॉलेजांचे संस्थापक झाले. त्यांना आत्मचरित्र हवं होतं, पण सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

"बालपणाबद्दल सांगा ना," शलाकाने विचारलं होतं.

"लहानपणी मी लहान होतो," काळोखे म्हणाले होते. "बाकी काही आठवत नाही. तुम्हीच घाला हो काहीतरी चांगलं."

म्हणून तिने विहीर घातली. बोरथळच्या मळ्यातली विहीर, तिच्या दगडी पायऱ्या, बुडू नये म्हणून पाठीला बांधलेला वाळका भोपळा, आणि काठावर पदर खोचून उभी राहिलेली, हातात ओल्या फांदीची शिंपटी घेतलेली आई, जिने सगळ्या गावाच्या नाकावर टिच्चून मुलीला पोहायला शिकवलं. पुस्तकात मुलीचा मुलगा केला, एवढाच बदल. ते प्रकरण वाचून लोक ढसाढसा रडले. काळोखे स्वतःही रडले.

गाडी दिसेनाशी झाल्यावर शलाकाने बेहेऱ्यांना फोन लावला.

"बेहेरे, माझी आई काळोखेंकडे गेली."

"हो, कळलं मला. छान झालं. दुसरी आवृत्ती निघतेय."

"आई माझी आहे."

"होती, मॅडम. तुम्ही ती मजकुरात दिलीत."

"मी एक प्रसंग दिला. आई नाही दिली."

"प्रसंगात आई होती ना पण?" बेहेरे समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणि मजकुराचे सगळे हक्क ग्राहकाचे. हे तर तुम्हीच पोरांना शिकवता."

ते खरं होतं. कॉलेजात 'यशस्वी मुक्त लेखक कसं व्हावं' या विषयावर ती बोलली होती आणि नेमक्या याच वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. शलाकाची कानशिलं तापली. टाळ्या वाजवणाऱ्यांचा, बेहेऱ्यांचा आणि स्वतःचा तिला एकदमच राग आला. तिने फोन ठेवला तोच तो पुन्हा वाजला. गावाहून तिचा भाऊ दिगंबर बोलत होता.

"ताई, विहीर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. मोटार चालू करायला गेलो तर तिथं हरभरा उभा. चांगला घाटे धरलेला. तू लिहिलीस का काय कुठं?"

"काळोखेंच्या पुस्तकात," शलाका म्हणाली.

"अगं, विचारायचं तरी!" दिगंबर ओरडला. "सामायिक होती ती. चुलत्यांना काय सांगू मी आता? द्राक्षबागेला काय तुझं पुस्तक पाजू?"

"आईसुद्धा गेली, दिगू."

"विहीर गेल्यावर आई राहील होय?" तो म्हणाला आणि त्याने फोन आपटला.

ती रिक्षा करून काळोखेंच्या बंगल्यावर गेली. कुणी अडवलं नाही. दिवाणखान्याचं दार उघडंच होतं आणि दिवाणखान्याच्या मधोमध विहीर होती. सोफे भिंतीला सरकवलेले होते, संगमरवरी फरशी काठापर्यंत नीट कापून बसवलेली होती, आणि त्याच्या आत बोरथळचे काळे दगड, त्याच पायऱ्या, तेच हिरवट पाणी. पाण्यात विश्वासराव काळोखे होते. साठीचा, टक्कल पडलेला माणूस, पाठीला भोपळा. काठावर अनुसूयाबाई पदर खोचून उभ्या होत्या.

"पाय मार! पाय मार म्हणते ना! भितोस कशाला? मी आहे इथं!"

काळोखे हसत होते, पाणी उडवत होते. शलाकाला पाहून त्यांनी ओले हात जोडले. "या या, बाई! आई, या आपल्या पुस्तकवाल्या बाई."

"बसा," अनुसूयाबाई म्हणाल्या. "चहा घेणार ना? याचं पोहणं झालं की टाकते."

"आई, घरी चल," शलाका म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"घरी चल. हा तुझा कुणी लागत नाही. पाठीला भोपळा बांधलेली ती मुलगी मी होते. तू मला शिकवलंस. किसन पाटील वर उभा राहून म्हणाला होता, पोरीच्या जातीला कशाला, आणि तू त्याच्यावर शिंपटी उगारली होतीस."

"हो, म्हणाला होता की," अनुसूयाबाईंचा चेहरा फुलला. "पान एकेचाळीसवर आहे ते. फक्त पोरीच्या जातीला नाही, 'एकुलत्या एक पोराला' असं म्हणाला होता."

तेव्हा शलाका चपला न काढता पायऱ्या उतरली. त्या माणसाच्या पाठीवरचा भोपळा तिला ओरबाडून काढायचा होता. खालच्या पायरीवरून तिने झेप घेतली, आणि पाण्यात गेल्यावर तिला कळलं की हातपायांना काही आठवत नाही. ती दगडासारखी खाली गेली. नाकातोंडात पाणी गेलं. तिच्या केसांना कुणीतरी धरलं, वर ओढलं, पायरीवर आणून टाकलं. ते काळोखे होते. सफाईने पोहत आले होते ते.

"पोहता येत नाही तर उतरायचं कशाला, बाई?" वरून अनुसूयाबाई रागावल्या. "माझ्या लेकराच्या अंगावर पडला असतात तर!"

त्यांनी तिला कोरडा टॉवेल दिला. टॉवेलवर काळोखेंच्या नावाची आद्याक्षरं विणलेली होती.

त्यानंतर शलाकाने आईला परत लिहायचं ठरवलं. ती दार लावून बसली आणि आपल्या नावाने आईचं पुस्तक लिहिलं. पुस्तकातल्या आईला काळोखे ठाऊक नव्हता. ही आई अंगणवाडीतल्या पोरांची नाकं स्वतःच्या पदराला पुसायची, कुणाचाही कार्यक्रम असला तरी मागच्या रांगेत बसून मोठ्याने जांभया द्यायची, नवऱ्याने एकदा हात उगारला तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याला नुसता भात वाढून समोर बसून राहिली होती. लिहिताना शलाका दात आवळून लिहीत होती. पुस्तक झाल्यावर ते घेऊन ती कोल्हापूरला सुहासिनी वाळिंबे नावाच्या प्रकाशिकेकडे गेली. वाळिंबेबाईंनी तिथंच वाचायला घेतलं. चष्मा काढून दोनदा डोळे पुसले. मग पानं नीट जुळवून त्यांनी ती परत सरकवली.

"सुंदर आहे. पण ही काळोखेंची आई आहे."

"ही माझी आई आहे. पहिल्या ओळीत लिहिलंय तसं."

वाळिंबेबाईंनी पहिलं पान तिच्याकडे फिरवलं. घरून निघताना तिथं 'माझी आई' असं होतं. आता 'काळोखेंची आई' असं होतं. शलाका वाचत होती तोवर खालच्या ओळीतलं 'मला' पुसट झालं आणि त्या जागी 'विश्वासला' आलं. ती पानं उलटू लागली. ती उलटेल त्याच्या आधीच शब्द बदललेले असत.

"त्यांचं पुस्तक मीच लिहिलंय, बाई."

"मग झालं तर," वाळिंबेबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखी माणसं फार कमी आहेत. तुम्ही आमच्यासाठीही काही कराल का? आमच्या एका लेखकाला वडील हवेत."

शलाकाने पानं तिथंच टेबलावर फाडली. वाळिंबेबाईंनी बेल वाजवून केर काढायला माणूस बोलावला.

तिची कीर्ती मात्र वाढत होती. बेहेऱ्यांकडे रोज नवी माणसं येत, त्यांना शलाका गुरव यांचंच लिखाण हवं असे. तिने खोटं लिहून पाहिलं. नसलेल्या आज्या, नसलेली गावं, नसलेली दुखणी रचून दिली. मजकूर परत यायचा. "मॅडम, जीव नाही यात," बेहेरे म्हणायचे. एकदा चिडून तिने एका आमदाराला आपली पाठदुखी देऊन टाकली. दुसऱ्या दिवसापासून आमदार वाकून चालू लागला. लोकांना वाटलं, किती नम्र माणूस आहे, आणि तो मंत्री झाला. बातमी वाचून शलाकाने ताठ पाठीने पेपर भिंतीवर फेकला. आपल्याकडून घेतलेलं दुखणंसुद्धा यांना लाभतं, याचा तिला असा संताप आला की तिने उशी तोंडात धरून किंकाळी फोडली.

त्यानंतर काही दिवसांनी बेहेऱ्यांचा फोन आला.

"काळोखेंना दुसरा भाग हवाय. पहिल्या भागात आई आली. आता आईचं जाणं हवं. वाचक हलला पाहिजे."



"आई जिवंत आहे, बेहेरे."

"म्हणून तर लिहायचं. सगळी तयारी झालीय. उद्या दुपारी बंगल्यावर या, जेवण तिथंच आहे."

"मी लिहिणार नाही."

"काही हरकत नाही," बेहेरे म्हणाले. "गोसावी आहेत आपले, दुसरे लेखक. ते तयार आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. बंगल्यासमोर मांडव होता. दिवाणखान्यात विहिरीभोवती खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर काळोखेंचे पाहुणे बसले होते, कॉलेजचे प्राध्यापक, व्यापारी, पांढऱ्या साड्यांतल्या बायका. हारांच्या टोपल्या आल्या होत्या. फोटोग्राफर स्टँड लावत होता. विहिरीच्या काठाशी पलंग होता आणि पलंगावर नवी नऊवारी नेसून अनुसूयाबाई उताण्या पडल्या होत्या. उशाशी काळोखे बसले होते, रुमाल हातात धरून.

"आलात होय?" अनुसूयाबाई म्हणाल्या. "लवकर उरका हो. मुलाचं पुस्तक अडलंय."

पलंगाच्या पायाशी दोन टेबलं होती. एकावर गोसावी बसले होते. पन्नाशीचे, हडकुळे, शर्टाचं वरचं बटणही लावलेले. त्यांनी उठून शलाकाला नमस्कार केला. बेहेऱ्यांनी तिला दुसऱ्या टेबलाशी बसवलं. गोसाव्यांना हात लावू द्यायचा नाही म्हणून शलाकाने मुद्दाम कोरडंच लिहिलं, 'त्या दिवशी आई गेली.' सगळ्यांनी पलंगाकडे पाहिलं.

अनुसूयाबाईंनी एक डोळा उघडला. "मला काही होत नाहीये, बाई. नीट लिहा."

"जीव नाही," बेहेरे तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाले. "अनुभवाचं नाही ना ते. गोसावी, तुम्ही बघा."

गोसाव्यांनी लिहायला सुरुवात केली. त्यांची आई कित्येक वर्षं अंथरुणावर होती. पाठीला जखमा झाल्या होत्या, शेवटी शेवटी ती मुलाला ओळखून शिव्या द्यायची आणि त्यानेच भरवलेलं त्याच्याच अंगावर थुंकायची. त्यांनी पहिली ओळ पुरी केली आणि अनुसूयाबाईंची पाठ पलंगावर कमानीसारखी वर उचलली गेली. त्या कण्हल्या. तो आवाज शलाकाने आयुष्यात ऐकला नव्हता. काळोखेंनी रुमाल डोळ्यांना लावला. पाहुण्यांपैकी कुणीतरी हलकेच म्हणालं, "वा."

शलाकाने झडप घालून गोसाव्यांचा हात धरला.

"थांबा! काय करताय तुम्ही?"

"मला लिहू द्या, मॅडम," गोसावी कळवळून म्हणाले. "माझ्याकडून एकदाचं जाऊ दे ते. इतकी वर्षं सांभाळतोय मी."

शलाकाला त्यांची दया यायला हवी होती, पण तिच्यात आता दयेला जागाच नव्हती. टोपल्यांतले हार तिला दिसत होते. खुर्च्यांवरची माणसं घड्याळं बघत होती. स्वयंपाकघरातून जिलबीचा वास येत होता.

"मी लिहिते," ती म्हणाली. "ह्यांना उठवा इथून."

ती टेबलाशी बसली आणि आपल्याकडे काय शिल्लक आहे ते आठवू लागली. विहीर गेली होती, पोहणं गेलं होतं, चिंच, मावशी, चवी, दुखणी, सगळं गेलं होतं. पण छातीत काहीतरी धगधगत होतं आणि ते तिचंच होतं. त्यात जीव होता. त्याच्याशिवाय दुसऱ्या कशातच आता जीव नव्हता. तो राग ज्याच्याकडे जाईल तो माणूस आईला मरू देणार नाही, हे तिला समजलं. तो दिल्यावर आपण कोण असू, हे मात्र तिला समजलं नाही, आणि विचार करायला वेळ नव्हता.

तिने काळोखेंच्या नावाने लिहिलं. 'माझी आई मी कुणाला देणार नाही. ती झोपली असेल तर तिला झोपू द्या, पण तिच्या उशाशी हार घेऊन बसणारे तुम्ही कोण? तिने पदर खोचून मला पाण्यात ढकललं तेव्हा तुमच्यातलं कोण काठावर होतं? उठा. माझ्या आईच्या मरणाचं जेवण जेवायला आलात, लाज कशी वाटत नाही?' ती थांबली नाही. गॅलरीत उभं राहून पाहिलेली गाडी तिने लिहिली, बदललेली पानं लिहिली, उशीत दाबलेली किंकाळी लिहिली. लिहिता लिहिता तिचे खांदे सैल झाले. आवळलेले दात सुटले.

पलंगाशी काळोखे उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"उठा!" ते ओरडले. आवाज बाईचा होता. "हे हार कुणी आणले? काढा ते! काढा म्हणते ना!"

त्यांनी टोपली उचलून विहिरीत फेकली. फोटोग्राफरचा स्टँड लाथेने उडवला. पाहुणे खुर्च्या सरकवत उठले. काळोखेंनी बेहेऱ्यांची गचांडी धरली आणि त्यांना भिंतीवर दाबलं. "हक्क? कसले हक्क रे? माझी आई आहे ती! माझी!"

"वा, साहेब," बेहेरे कसेबसे म्हणाले. "हेच हवं होतं. फार जिवंत आहे."

काळोखेंनी त्यांना सोडलं, पलंगाकडे धावले आणि अनुसूयाबाईंना दोन्ही हातांनी उचलून खांद्यावर घेतलं. अनुसूयाबाईंच्या कपाळावर घाम होता, पण श्वास सरळ चालला होता. त्यांनी काळोखेंच्या मानेला मिठी घातली.

शलाकाने शेवटच्या वाक्यानंतर पूर्णविराम दिला. पंख्याचा वारा बरा वाटत होता. दिवाणखान्यात एक मोठा माणूस आरडाओरडा करत होता आणि त्याच्या खांद्यावर एक म्हातारी होती. या प्रसंगी आपल्याला काहीतरी वाटायला हवं, एवढं तिला कळत होतं. कुणीतरी तिच्यासमोर चहा आणून ठेवला, तो तिने घेतला. चांगला होता. मग मोकळ्या हवेत जावं म्हणून ती दाराशी गेली आणि दाराला टेकून उभी राहिली.

मागून पावलं आली. काळोखे म्हातारीला घेऊन तरातरा येत होते, गालांवरून पाणी ओघळत होतं, ओठ चावून रक्त आलं होतं. म्हातारीने वाकून त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"शलाके, हळू गं," ती म्हणाली. "उंबरा आहे पुढं."

दारातल्या बाईने अंग चोरून त्यांना वाट करून दिली. दोघी बाहेर पडल्या.